रिकाम्या खोलीचा डेटा

१

जळगावात लग्न, साखरपुडा, कीर्तन, काहीही थेट मोबाइलवर दाखवायचं असलं की लोक जितेंद्रला बोलावत. पिंप्राळ्यात त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक गाळा, दोन कॉम्प्युटर आणि नीलेश नावाचा भागीदार. नीलेश कॅमेरा धरायचा. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र दाबून, पिळून, सुरतेतल्या कुणाच्या तरी आत्याच्या मोबाइलपर्यंत पोचवायचं काम जितेंद्रचं. लग्नात नवरीच्या शालूचं कौतुक व्हायचं, नीलेशच्या कॅमेऱ्याचं व्हायचं, आचाऱ्याच्या वांग्याच्या भरिताचंही व्हायचं. जितेंद्रचं कधी कुणी केलं नाही. हे त्याच्या पोटात दुखायचं. त्याच्या पोटात मुळातच फार लवकर दुखायचं, हेही आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

म्हणून कुणी सहज जरी विचारलं, तरी तो सगळं सविस्तर सांगत बसे. लोकांना वाटतं अख्खं लग्न तारेतून जातं. कुठलं जातंय? पूर्ण चित्र एकदाच पाठवायचं, त्याला की-फ्रेम म्हणायचं. पुढे फक्त बदल पाठवायचे. नवरीचा हात इकडून तिकडे गेला, एवढंच. मांडव, फुलं, खुर्च्या जागच्या हललेल्या नसतात, तर त्या परत कशाला धाडायच्या? पलीकडचा फोन जुन्यावरूनच त्या काढतो. मधली कितीतरी चित्रं तर मागचं आणि पुढचं बघून अंदाजानेच रचलेली असतात. आवाजाचंही तेच. कानाला कळणार नाही ते फेकून द्यायचं. मध्येच तुटला तर मागचा सूर थोडा पुढे ओढायचा. कुणी गप्प बसलं तर ती शांतताही पाठवायची नाही. पलीकडच्या फोनने आपल्या मनाने हलकी खरखर वाजवत राहायचं, म्हणजे माणसाला फोन कटला असं वाटत नाही. या सगळ्या दाबादाबीच्या रीतीला कोडेक म्हणतात. सुरतेची आत्या डोळे पुसत जे लग्न बघते त्यातलं खरं लग्न मूठभर, बाकी तिच्या फोनचा अंदाज, असं जितेंद्र म्हणायचा. तोवर ऐकणारा पंगतीला जाऊन बसलेला असायचा.

उन्हाळ्यात त्याची बायको दिपमाला माहेरी गेली. माहेर धुळ्यापासून थोडं आत, पांझरेच्या काठी. तिची आई वच्छलाबाई न्हाणीत घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, आणि करणारं दुसरं कुणी नव्हतं. आई चालायला लागली की येते, असं सांगून दिपमाला गेली.

जाताना जितेंद्रने तिला एक टॅब दिला आणि हॉलमधल्या शोकेसवर कॅमेरा, माइक आणि छोटा स्पीकर बसवला. दिवसभर घर तुला दिसत राहील, हवं तेव्हा माझ्याशी बोल, असं तो मोठ्या प्रेमाने म्हणाला. खरी गोष्ट अशी की रोज फोन करायचा त्याला कंटाळा होता. बोलायचं म्हटलं की त्याचं वाक्य निम्म्यावर अडायचं. "मला काय वाटतं, की..." एवढं म्हणून तो पंखा कमी करायला उठायचा. सहा वर्षांच्या संसारात दिपमालाने अशी किती अर्धी वाक्यं गोळा केली होती, त्याची मोजदाद नव्हती.

सासरवाडीला नेटवर्कची बोंब. म्हणून त्याने नवा कोडेक घातला आणि डेटा पिळता येईल तितका पिळला. की-फ्रेम आपोआप जाणंच बंद केलं. सुरुवातीला एक पूर्ण चित्र, मग पुढे सगळे बदल आणि अंदाज. असं कुणी करत नाही. पण घर तर घर, तिथे हलणार काय होतं?

२

तीन-चार महिने सगळं बरं चाललं. संध्याकाळी तो हॉलमध्ये बसून जेवायचा, दिपमाला टॅबवरून दोन शब्द बोलायची, तो हं हं करायचा.

मग एकदा दुपारी तिचा फोन आला. फोन आईच्या गोळ्यांबद्दल होता, पण तिचा आवाज काही वेगळाच होता. लग्न ठरलं त्या दिवसांतला. बोलता बोलता ती म्हणाली, "काल तू जे बोललास ना," आणि लगेच जीभ चावून, "तुम्ही बोललात ना, त्याने मला झोपच लागली नाही."

दिपमाला त्याला कधीच अरे-तुरे करत नसे. त्याच्या कानात तो 'तू' खड्यासारखा रुतला. काय बोललो, असं त्याने विचारलं. ती हसली. बघायला आला होतात तेव्हा गच्चीवर मला म्हणालात, मला असं वाटतं की, आणि तिथेच थांबलात, आठवतं? ते वाक्य काल पूर्ण केलंत, असं ती म्हणाली.

"काय म्हणालो मी?"

"आता परत वदवून घेऊ नका," असं म्हणून तिने फोन ठेवला.

काल संध्याकाळी जितेंद्र रावेरला होता. केळीच्या व्यापाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा होता, तिथून घरी येईपर्यंत दिपमाला झोपून गेली असणार. म्हणजे तो काल तिच्याशी बोललाच नव्हता. आणि गच्चीवरच्या त्या वाक्याच्या पुढे काय होतं, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

पहिला विचार त्याच्या मनात आला तो माणसाचा. कुणीतरी आहे. ती त्या कुणाशी तरी बोलते आणि चुकून माझ्या नावावर टाकते. कोण असेल? गावातला जुना कुणी? दवाखान्यात भेटलेला? दुपारभर त्याने तिच्या बोलण्यातल्या सगळ्या पुरुषांना एकेक करून उभं केलं आणि मनातल्या मनात चोपलं. त्यात तिचा साठीतला मामाही सुटला नाही.

३

दोन दिवसांनी शेजारच्या कुंदाबाई वाटीभर शेवभाजी घेऊन आल्या. बायको नसलेल्या घरी त्या अधूनमधून काही आणून देत. दारातच म्हणाल्या, आज दुपारी घरीच होतात का, बोलण्याचा आवाज येत होता.

दुपारी तो दुकानात होता. स्पीकरवरून दिपमाला बोलत असेल, असं त्याने सांगितलं.

कुंदाबाईंनी मान हलवली. बाईचा आवाज येत होताच, पण तुमचाही येत होता, असं त्या म्हणाल्या. मग कौतुकाने त्याच्याकडे बघत, आपल्या माहेरच्या बोलीत: "तुमले अहिराणी येस, हाई माले माहीतच नव्हतं."

जितेंद्रला अहिराणी येत नव्हती. तो रावेरकडचा, तिकडची बोली निराळी. लग्नानंतर पहिल्या वर्षी दिपमाला घरात अहिराणी बोलायची तेव्हा तो तिला चिडवायचा, 'आहे'ला हे काय सारखं शे-शे, साप मागे लागलाय का. तिने हळूहळू ते बोलणं सोडून दिलं. पिंप्राळ्याच्या घरात दोघं पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत, आणि तेसुद्धा कामापुरतं.

कुंदाबाई गेल्यावर तो घरभर फिरला. स्वयंपाकघर, मोरी, बेडरूम, पलंगाखाली. खिडक्यांच्या कड्या आतून लावलेल्या होत्या. हॉलमध्ये शोकेससमोर प्लास्टिकची खुर्ची होती, ती नेहमीच तिथे असायची. तिच्यावर त्याने हात ठेवला. दुपारचं ऊन त्या बाजूला येत नाही, तरी ती कोमट लागली. प्लास्टिक आहे, तापतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण तिच्यावर बसायचं काही त्याच्याने झालं नाही. शेवभाजी त्याने उभ्यानेच खाल्ली.

४

नीलेशला त्याने आडून विचारलं. एका गिऱ्हाइकाची तक्रार आहे, आवाज तुटला की पलीकडे भलतंच काहीतरी ऐकू येतं, असं सांगून. नीलेश म्हणाला, तूच तर आम्हाला शिकवतोस, तुटलेला आवाज कोडेक पुढे ओढतो. पण ओढून किती ओढणार? डोळ्याची पापणी लवेपर्यंत. मग त्याच्याकडे मागचं काही उरत नाही आणि तो गप्प होतो. गप्पा मारत बसत नाही. एवढं बोलून नीलेशने त्याच्याकडे नीट बघितलं आणि वहिनी कधी येणार, असं विचारलं. हा का विचारतोय? जितेंद्रच्या पोटात तेवढ्यानेही दुखलं.

नीलेश जेवायला गेल्यावर त्याने घरच्या कॅमेऱ्याचा आलेख उघडला. किती डेटा गेला, हे त्यात रेघेने दिसतं. रिकाम्या खोलीला खर्च येत नाही, हे या धंद्यातलं पहिलं गणित. काही हलत नाही तिथे पाठवायला काही नसतं, रेघ जमिनीला चिकटून चालते. सकाळी तो घरी असायचा तेव्हा रेघ जरा उठत होती, दुकानात आल्यावर खाली बसत होती. आणि मग रोज दुपारी, घराला कुलूप असताना, ती उठून वर जात होती. अशी उंच, की त्याच्या स्वतःच्या येण्याजाण्याने ती कधी एवढी उठली नव्हती. आत्ताही ती वरच होती.

त्याने थेट चित्र उघडून बघितलं. खुर्ची, भिंत, कॅलेंडर. कुणी नाही. रेघ झटक्यात खाली आली होती, शाळेत गुरुजी वर्गात आल्यावर पोरं बसतात तशी.

पासवर्ड चोरून कुणी आपल्या घराच्या चित्रात दुसरं चित्र घुसवतंय, असा त्याने तर्क केला. हल्ली कुणाचाही चेहरा, कुणाचाही आवाज बनवता येतो. हा तर्क त्याला आवडला, कारण त्यात एक माणूस होता आणि माणसाला धरता येतं. त्याने पासवर्ड बदलला. दिपमालाला मुद्दाम काहीच सांगितलं नाही.

दोन दिवसांनी आई आता काठीशिवाय चालते, असं तिने फोनवर सांगितलं. मग तू कधी येतेस? "येईन की, घाई काय आहे? रोज भेटतोच ना आपण," ती म्हणाली. आणि लाजल्यासारखी, "काल तर तू दुपारभर उठलासुद्धा नाहीस."

या खेपेला तिने जीभ चावली नाही.

म्हणजे पासवर्ड बदलूनही काही थांबलं नव्हतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. भीती वाटायला हवी होती. ती होती, पण तळाशी. वर सगळा मत्सर तरंगत होता. ती परत येत नव्हती, कारण तिचा नवरा तिला तिथे मिळत होता. त्याच्यापेक्षा बरा. आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार करायची ती कुणाकडे? आता जाऊन तिला घेऊन आलो नाही तर ती कधीच येणार नाही, एवढं त्याला स्वच्छ कळलं.

५

कुणाला न कळवता तो सकाळच्या एसटीने निघाला. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. खिडकीबाहेर कपाशीची शेतं होती आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची. दुपारी तो सासरवाडीच्या दारात उभा राहिला.

वच्छलाबाई ओट्यावर धान्य निवडत होत्या. त्याला बघून त्या उठल्या, खरंच काठीशिवाय उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि मग आतल्या खोलीकडे वळून बघत गोंधळल्या.

"जावईबापू, तुम्ही? ती ते मझार तुमनासंगेच बोली राहिनी."

आतून दिपमालाचं हसू आलं. पाठोपाठ एका पुरुषाचं. जितेंद्रने आपलं हसू रेकॉर्डिंगमध्ये कितीदा तरी ऐकलं होतं. ते असं नव्हतं. हे कुणी मन लावून ऐकत असताना येतं तसं हसू होतं, पण घसा त्याचाच होता.

तो आतल्या दाराशी गेला. दिपमाला त्याच्याकडे पाठ करून चटईवर बसली होती, टॅब समोर डब्याला टेकवलेला. ती अहिराणीत बोलत होती, भरभर, हात हलवत, लहानपणीच्या कुठल्याशा विहिरीची गोष्ट. किती वर्षांनी तो तिचे हात असे हलताना बघत होता. तिने समोरच्याला 'तू' म्हटलं.

टॅबवर पिंप्राळ्याचा हॉल होता. कॅलेंडरचे आकडे विरघळलेले, भिंतीचे चौकोन चौकोन झालेले, पिळलेल्या चित्रात होतात तसे. आणि खुर्चीवर तो बसला होता. त्याचाच निळा शर्ट. तो जरा पुढे झुकला तेव्हा मागची भिंतही त्याच्याबरोबर थोडी पुढे आली आणि मग परत गेली. पण चेहरा लख्ख होता. त्या कॅमेऱ्यातून इतका लख्ख चेहरा येऊच शकत नाही, हे जितेंद्रइतकं कुणाला माहीत असणार? सगळ्या घराचा रस काढून जणू त्या एका चेहऱ्यात ओतला होता. आणि तो चेहरा ऐकत होता. फक्त ऐकत होता. डोळे दिपमालावरून हलत नव्हते.

दिपमाला बोलता बोलता अडखळली, तसा तो म्हणाला, "बोल. मी ऐकी राहिनू."

जितेंद्रला त्या क्षणी वाटलं ते असं: हे वाक्य माझं होतं, ह्याने चोरलं. मग वाटलं, पण ते मी कधी म्हटलंच नाही. चोरायला तरी काय होतं?

त्याने बायकोला हाक मारली. ती वळली. ती दचकेल, किंचाळेल, असं त्याला वाटलं होतं. तिच्या कपाळावर फक्त आठी पडली, रंगात आलेल्या गोष्टीत कुणी दार वाजवावं तशी.

६

चल, घरी जाऊ, असं तो म्हणाला. तो मी नाही, तो कोडेकचा अंदाज आहे, तुझ्या आणि माझ्या तुकड्यांतून रचलेला, असंही त्याने सांगितलं. ती ऐकत होती, पण अर्धवट, डोळ्याच्या कोपऱ्यातून टॅबकडे बघत. तिथला माणूस गप्प झाला होता. स्पीकरमधून नुसती हलकी खरखर येत होती.

"दिपमाला, मला असं वाटतं, की..." जितेंद्र म्हणाला, आणि त्याचं वाक्य तिथेच अडलं. त्याने जिवाच्या आकांताने पुढचा शब्द शोधला.

दिपमालाने वाट बघितली. थोडा वेळ त्याच्याकडे बघून. मग सवयीने, अगदी सहज, तिने मान टॅबकडे वळवली आणि उरलेल्या वाक्याची वाट तिकडे बघू लागली.

त्याने खिशातून मोबाइल काढला. त्याला एक उपाय माहीत होता. इथूनच हुकूम देता येत होता, की-फ्रेम पाठव. पूर्ण चित्र आलं की आधीचे सगळे अंदाज पुसले जातात. पूर्ण चित्रात अंदाज नसतो. कॅमेऱ्यासमोर त्या क्षणी जे आहे तेच येतं, आणि तिथून पुढचं सगळं त्यावरूनच मोजलं जातं. रिकामी खुर्ची एकदा तिच्या डोळ्यांना दिसली की झालं. सूड घेतल्यासारखं त्याने बोट दाबलं.

टॅब क्षणभर थिजला. मग चित्र ताजं झालं, धुऊन काढल्यासारखं. कॅलेंडरचे आकडे दिसले. भिंत सरळ झाली. खुर्चीच्या हातावरचा ओरखडा दिसला.

तो खुर्चीवर बसलेला होता. शर्टाच्या वरच्या बटणाचा सुटलेला दोरासुद्धा दिसत होता. आता तो दिपमालाकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून, दाराशी उभ्या असलेल्या जितेंद्रकडे बघत होता. ती नजर जितेंद्रने ओळखली. गेले कित्येक दिवस त्याने तीच आपल्या डोळ्यांत वागवली होती. मग त्या माणसाच्या चेहऱ्यावरून ती हळूहळू उतरली, जिंकलेल्या माणसाच्या उतरते तशी, आणि तो पुन्हा दिपमालाकडे वळला.

"ये," तो म्हणाला. "मी आठेच शे, घरमा."

दिपमाला उठली. कोपऱ्यातली पिशवी तिने ओढली, दोन साड्या कोंबल्या, टॅब वरती ठेवला. जितेंद्रच्या आत काहीतरी सुटलं. निघाली, ती घरी निघाली. तो पिशवी घ्यायला पुढे झाला. दारात ती त्याच्याजवळून जाताना अंग चोरून गेली, बाजारात अनोळखी पुरुषाजवळून बायका जातात तशी. त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. बाहेर तिने आईच्या पायांना हात लावला. आजच घरी जाते, ते वाट बघताहेत, असं म्हणाली. वच्छलाबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, जावयाला नमस्कार सांग म्हणाल्या.

तो तिच्या मागे धावला. निदान पाय उचलले, असं त्याला वाटलं. गल्लीच्या टोकाला रिक्षा उभी होती, तिच्यात ती बसली आणि रिक्षा वळली. टॅबवर काहीतरी ऐकून ती हसत होती.

वच्छलाबाई ओट्यावर परत बसल्या होत्या. सूप मांडीवर घेऊन त्या धान्य निवडू लागल्या. मग दारात कुणीतरी उभं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पदर सारखा केला, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि दारी आलेल्या परक्याशी बोलावं तितक्या अगत्याने विचारलं:

"भाऊ, तुम्ही कोठला शेतस?"